बोटभर सावली

आमच्या गावात पाणी घड्याळावर वाटत नाहीत.
मशिदीमागे सपाट जागेत एक काठी रोवली आहे,
तिच्या सावलीसाठी दगडांच्या खुणा.
एका खुणेपासून दुसरीपर्यंत एक अथर,
म्हणजे अर्धा तास, थोडं इकडेतिकडे.
रात्री तारे बघतो.
हा हिशेब माझ्याकडे आहे. आधी बापाकडे होता.

मर्हून बिन खल्फानचे अकरा अथर.
दोन वारशाचे.
बाकीचे नऊ कोरड्या वर्षांत मिळवलेले,
लोक मस्कतला निघाले तेव्हा
त्यांच्याच उंबऱ्यावर बसून,
त्यांचीच कॉफी पीत.
पाळीच्या दिवशी तो घड्याळ घेऊन यायचा,
काठीशेजारी उकिडवा बसायचा,
"अर्धं मिनिट खाल्लंस, नब्हान."
पाटाची भिंत पाझरून वाटेवर ओल आली
तर त्या ओलीकडेही
उसनवारी बुडवणाऱ्याकडे बघावं तसं बघायचा.

ज़ुवैनाच्या सात खजुरी त्याच्या बांधाला लागून.
पाटाचं पाणी त्यांच्या मुळांसमोरून जायचं,
थांबायचं नाही.

मग डोंगराच्या पोटात भुयार ढासळलं.
पाटाची धार करंगळीएवढी झाली.
खणणारे म्हातारे, त्यांची पोरं ऑफिसात.
मर्हून अडुसष्टचा, पण काटकुळा,
आणि सगळ्यांत जास्त पाणी त्याचंच, म्हणून घाईही त्याचीच.
कमरेला दोर बांधून तोच उतरला
त्या विहिरीत, जिला आम्ही पाटाची आई म्हणतो.
सकाळी उतरला, दुपारच्या नमाजानंतर वर आला,
कानात चिखल, एक नख गेलेलं.
पाणी आलं. लोक ओरडले.
तो आपला घरी गेला.

पुढच्या पाळीला आला तो बिनघड्याळाचा.
म्हणाला, वही काढ.
तीन अथर मशिदीच्या नावे, पाट दुरुस्तीला.
दोन ज़ुवैनाला.
चार, ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या पोरांना,
परत आले तर. नाही आले तोवर पाळी मी सांभाळीन,
खजूर त्यांचा.
मी लिहिलं, 'मर्हूनने दिले.'
त्यानं वाकून वाचलं.
"दिले खोड. परत केले, असं लिही."

मी पेन्सिलीनं लिहिलं, खरं सांगतो.
म्हटलं, ताप आहे, उतरेल.
वर्षभर शाई लावली नाही.
आणि तो वर्षभर पहाटे फावडं घेऊन
दुसऱ्यांच्या पाळीचा गाळ काढत होता,
फटी चुन्यानं बुजवत होता,
मस्कतच्या पोरांच्या खजुरीवर चढून
घड उतरवून, वेगळे वाळवून,
पोत्यांवर त्यांची नावं घालत होता.
हिशेब अजूनही चोखच. कंजूषच म्हणा ना,
फक्त आता दुसऱ्यांसाठी.

एकदाच विचारलं, खाली काय झालं?
"दिवा विझला," तो म्हणाला.
"पोटावर पडून होतो. पाणी मानेवरून जात होतं.
कुणाची पाळी चालू आहे ते आठवायला लागलो.
आठवेना.
पाण्यालाही माहीत नव्हतं."
आणि घमेलं उचलून चालू लागला.

ज़ुवैनाच्या पाच खजुरी धरल्या. दोन गेल्याच होत्या.
पहिली टोपली तिनं त्याच्या दारी ठेवली.
त्यानं एक खजूर खाल्ला, बी खिशात टाकली,
टोपली मशिदीत धाडली.

आता माझं.
माझ्या परसात एक लिंबू आहे.
त्याची पाळी आली की काठीची सावली
तीस वर्षं बोटभर हळू चालते.
कुणी बघत नाही. बघायचा तो मर्हून,
आणि त्यानं तर घड्याळ सोडलं.
बोटभर म्हणजे किती?
चार तांबे. पाच. तीस वर्षांचे मोजवत नाहीत.

काल वहीत शाई लावली, त्याच्या नऊही अथरांना.
मग पाटावर गेलो आणि लिंबाचं दार
बोटभर आधीच लावून घेतलं.
पाणी जरा घुटमळलं,
मग ज़ुवैनाच्या बाजूला वळलं.
मर्हून तिथंच गाळ उपसत होता.
मान वर न करता म्हणाला,
"आज सावली लवकर आली, नब्हान."